सही वाचता येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

मेहुण्याच्या दुकानात ही दैनंदिनी पडून होती. कुठल्याशा औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात. जानेवारी सरला, आता ती कोण घेणार! "भाऊजी, जन्मभर लोकांचं लिहिलंत, आता थोडं स्वतःचं लिहा," असे म्हणून त्याने ती माझ्या टेबलावर आपटली. फुकट ते पौष्टिक. म्हणून लिहितो.

स्वतःचे सांगायचे तर मी शपथ घेतलेला अनुवादक, स्पॅनिशमधून इंग्रजीत. मान्यता मंडळाच्या यादीत या कामासाठी शहरात माझे एकट्याचे नाव आहे. तिकडे शिकलेली माणसे इथे येतात, त्यांच्या पदव्या आणि गुणपत्रिका मी इंग्रजीत उतरवतो, प्रत्येक पानावर सही करतो, शिक्का मारतो. मग मंडळ त्या कागदाकडे बघते. माझी सही नसेल तर बघतही नाही. माझे टेबल मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात खिडकीशी आहे, आणि मशीनची धग हिवाळ्यात बरी वाटते.

आज नवे पेन आणले. जुने फार अडखळत होते.

हिने संध्याकाळी चहा अर्धाच कप दिला. विचारले तर म्हणाली, "हवा तर परत घ्या की." आमच्या घरी आता चहालाही रेशन.

६ फेब्रुवारी

आज एक डॉक्टरीण आली. म्हणजे तिकडे डॉक्टरीण. इथे ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. बोटांची सालपटे निघालेली, पण कागद असे जपलेले की एक कोपरा दुमडलेला नाही. त्याच इस्पितळात मुलांच्या विभागात तिला कनिष्ठ डॉक्टरची जागा द्यायला तयार आहेत, पण महिनाअखेरपर्यंत मंडळाची मान्यता हातात पाहिजे. जागा मिळाली की मुलीला इथे आणता येईल. मुलगी तिकडे आजीजवळ असते, सहा वर्षांची आहे. एका छोट्या पिशवीतून काढून फोटो दाखवला. पुढचे दोन दात पडलेत आणि पोरीला त्याचाच फार अभिमान दिसतो.

"महिनाअखेर म्हणजे भरपूर वेळ आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे आलात ना, काम झालं समजा."

हे वाक्य मी इतकी वर्षे म्हणत आलो आणि ते अजून खोटे ठरलेले नाही.

इथली भाषा ती जपून बोलते, माझ्याशी स्पॅनिशमध्ये मात्र सुटते. मला मास्तर म्हणते. मी कुणाचा मास्तर नाही, पण ऐकायला बरे वाटले, म्हणून दुरुस्त केले नाही.

१० फेब्रुवारी

पदवीचा कागद सोपा होता, एका बैठकीत झाला. मेख आहे ती गुणपत्रिकेत, अगदी खाली, सह्यांच्या जागी.

तिकडच्या सह्यांना नाव म्हणून नसतेच. एक गिरकी, दोन वेटोळी, शेवटी तलवार फिरवल्यासारखी रेघ. म्हणून सहीच्या आसपास दोन-तीन अक्षरांची खूण लिहिलेली असते. एकीचा अर्थ "सही केली". दुसरीचा अर्थ "पाहिले, ठीक आहे", ही मोठ्या साहेबाची. आणि पी. ओ. अशी अक्षरे असली तर "हुकुमावरून", म्हणजे छापलेले नाव साहेबाचे, पण त्याच्या सांगण्यावरून सही दुसऱ्याने केली. डॉक्टरिणीच्या गुणपत्रिकेवर वैद्यकीय विद्यालयाच्या सचिवाचे नाव छापलेले आहे आणि प्रत्येक पानावर त्याच्या डोक्यावर पी. ओ. बसलेले आहे.

तिने सांगितले की मागच्या वर्षी तिच्या गावच्या एका दंतवैद्याचे कागद मंडळाने याच अक्षरांवरून परत पाठवले. हुकुमावरून सही कुणी केली, कुणाच्या हुकुमावरून केली, पुरावा आणा. त्या दंतवैद्याने शेवटी दात सोडले आणि टॅक्सी धरली.

मेहुण्याने कागदाचा गठ्ठा मशीनमध्ये भरता भरता तोंड घातले. "दोन अक्षरं तर आहेत, भाऊजी. गाळून टाका. खाली 'सही' लिहा आणि मोकळे व्हा. मंडळात कोण स्पॅनिश शिकलंय?"

"मी शिकलोय," मी म्हणालो.

"झालं! उंटावरचे शहाणे!"

आमच्या धंद्यात एकच नियम आहे. कागदावर जे आहे ते सगळे आले पाहिजे, शिक्का, खाडाखोड, समासात केलेली टिकलीसुद्धा. आणि जी सही वाचता येत नाही तिच्या जागी चौकटी कंसात "सही वाचता येत नाही" एवढेच लिहायचे. अंदाज बांधायचा नाही. पी. ओ. आहे तर पी. ओ. येणार. वर मी अनुवादकाची टीप जोडेन, की तिकडे ही पद्धत कायदेशीर आहे आणि त्यात वावगे काही नाही. टीप अशी लिहीन की मंडळाने वाचून माझ्याकडे शिकवणी लावावी.

मी तिला विचारले, तुमचे सचिव स्वतः सही का करत नसत?

"त्यांचे हात कापायचे," ती म्हणाली. "सगळ्या विद्यालयाला माहीत होतं. ते कार्यालयातल्या बाईशेजारी बसायचे. एकेक कागद पूर्ण वाचायचे, मान हलवायचे, मग बाई सही करायची. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. कुणाला काही वाटायचं नाही."

मला ते पटले नाही. ज्याला सही करता येत नाही त्याने खुर्ची सोडावी, असे मी म्हणालोही. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. नव्या पेनाचे टोपण घट्ट बसले होते. तिने ते काढून दिले.

१२ फेब्रुवारी

टीप तिसऱ्यांदा लिहिली. मेहुण्याचा संगणक म्हातारा झालाय, एक अक्षर दाबले की दोनदा उमटते. कालचे अख्खे पान त्यापायी पुन्हा करावे लागले.

सकाळी शर्टाची बटणे ही लावत होती. मी म्हणालो, नवी नवरी झालीस की काय? तर म्हणाली, "काज लहान आहेत या शर्टाची." मग बाजारातून दोन सदरे घेऊन आली, डोक्यातून घालायचे, बटणेच नाहीत. मी शाळेतल्या कवायतीला निघाल्यासारखा दिसतो.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरीण धुलाईघरातली पाळी संपवून आली. काम कुठवर आले, विचारले. टीप पक्की होते आहे म्हणून सांगितले. ती हळूच म्हणाली, "मास्तर, टीप छोटी असली तरी चालेल ना?" मी म्हणालो, घाईने केलेले काम दोनदा करावे लागते.

मग तिने एक गंमत केली. "त्या दारापर्यंत जाऊन या बघू." गेलो, आलो. "उजवा हात चालताना हलत नाही तुमचा." म्हटले, त्याला कामाची सवय आहे, उगाच हलत नाही. मग म्हणाली, "तुमच्या लिपीत एक ओळ लिहून दाखवा." लिपी शिकायची हौस दिसली, म्हणून चांगली लांब ओळ लिहून दिली. ती सुरुवातीची अक्षरे बघत होती आणि शेवटची बघत होती. शेवटी शेवटी अक्षर मुंगीएवढे झाले होते. ही पण परवा तेच म्हणाली, अक्षर बारीक झाले म्हणून. मी तिला सांगितले, तेवढाच कागद वाचतो.

"चहाचा वास येतो का तुम्हाला?" जाता जाता तिने विचारले.

झेरॉक्सच्या दुकानात कसला आलाय वास! शाईचाही येत नाही हल्ली. शाईत भेसळ असणार.

१७ फेब्रुवारी

आज सगळे पुरे झाले. टीप पानभर झाली आहे आणि मी स्वतः लिहिली म्हणून सांगत नाही, पण तिच्यात बोट ठेवायला जागा नाही.

छापून घेतले आणि सह्यांना बसलो. पहिले पान बिघडले. पेन सरकले. दुसऱ्यांदा छापले, तेही बिघडले. मग टेबल डुगडुगते हे लक्षात आले. मेहुण्याने पायाखाली पुठ्ठा घातला. तरी तेच. त्याचे पेन घेतले, मग गिऱ्हाइकाचे घेतले.

"नाचता येईना अंगण वाकडं," मेहुणा हसत म्हणाला. मी त्याच्याकडे असे बघितले की त्याचे हसू मावळले आणि तो उगाचच मशीनचा ट्रे उघडून बसला. दर वेळी पान फुकट गेले तरी त्याने हूं की चूं केले नाही. एरवी कुणी एक प्रत फुकट मागितली तर दिवसभर ऐकवतो.

शेवटी सगळ्या पानांवर सह्या झाल्या. सुंदर नाहीत, पण आहेत. सही काय फ्रेम करून लावायची असते?

१८ फेब्रुवारी

लिफाफा मंडळात पोचता झाला. डॉक्टरिणीने स्वतः नेला. परत येताना माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला आणि टेबलावर ठेवून उभी राहिली. रडेल की काय असे वाटले, म्हणून मी तिला मेहुण्याच्या कंजूषपणाचे किस्से सांगितले.

२० फेब्रुवारी

दुपारी घरी लवकर आलो, तर डॉक्टरीण आमच्या स्वयंपाकघरात. दोघी ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. मला बघून दोघी गप्प. हिचे डोळे लाल होते. काय झाले म्हटले, तर म्हणाली, "कांदा चिरत होते." ओट्यावर कांदा कुठे दिसला नाही.

बायकांच्या गोष्टींत मी पडत नाही. बरे वाटले एवढेच, की परक्या शहरात त्या पोरीला कुणी जिवाभावाचे मिळाले.

रात्री ही म्हणाली, एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ. "कुणाला दाखवायचंय? तुला?" मी विचारले. ती म्हणाली, "हो, मलाच." जाऊ म्हटले पुढच्या महिन्यात.

२४ फेब्रुवारी

लिफाफा परत आला.

डॉक्टरीण तो न उघडता घेऊन आली होती. तिच्या हातातून घेताना मला आतून जरा, खरे सांगायचे तर, हुरूपच आला होता. म्हटले, आता पी. ओ.वरून भांडायचे. आता बघा कशी जिरवतो. बाही सरसावायला गेलो, पण नव्या सदऱ्याची बाही वर जात नाही.

मंडळाचा कागद एकच होता. गुणपत्रिका मान्य. "हुकुमावरून" या शब्दाला हरकत नाही. माझ्या टिपेशेजारी कुणीतरी बरोबरची खूणसुद्धा केली आहे. हरकत दुसरीच आहे. "अनुवादकाची सही नोंदीतल्या नमुना सहीशी जुळत नाही. तरी कागदपत्रे परत."

मशीन चालू होते, ते कुणाच्या तरी भाडेकराराच्या प्रती काढत राहिले.

मग मी हसलो. म्हणजे बघा, त्या सचिवाची सही सचिवाची नाही हे मी कागदोपत्री पटवून दिले, ते त्यांनी मानले. आणि माझी सही माझी आहे हे त्यांना पटेना. डॉक्टरीणही हसेल असे वाटले, पण ती खुर्चीवर बसली आणि तिने फोटो असलेली ती छोटी पिशवी दोन्ही हातांत धरली. महिनाअखेर शुक्रवारी आहे.

गिऱ्हाईक गेल्यावर मेहुण्याने अर्धे शटर ओढले. "भाऊजी, तुमची जुनी सही माझ्याकडे शंभर प्रतींवर आहे. काचेवर ठेवतो, खालून दिवा लावतो, वरून गिरवून टाका. तुमचीच सही, तुमच्याच हातची. यात चोरी कसली?"

मी नाही म्हणायला हवे होते. दोन अक्षरे गाळायला नकार देणारा माणूस मी! पण तिच्या हातातली पिशवी दिसत होती. मी काचेवर वाकलो. खालच्या उजेडात माझी जुनी सही स्पष्ट दिसत होती, ऐटबाज, शेवटी वर गेलेली. मी पेन तिच्यावर ठेवले आणि गिरवायला लागलो, तर पेन तिच्या आजूबाजूलाच फिरत राहिले. माझीच सही, आणि मलाच चोरता येईना.

"द्या इकडे, मी करतो," मेहुणा म्हणाला. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

तेव्हा मात्र मी सरळ उभा राहिलो. उद्या मी स्वतः मंडळात जातो. माणूस समोर असताना कागदावर कोण अडून बसेल? डॉक्टरीण काहीतरी बोलणार होती. मेहुण्याकडे तिने बघितले, मग माझ्याकडे, आणि पिशवी घेऊन उठली.

२५ फेब्रुवारी

सगळे लिहिलेच पाहिजे. कागदावर जे आहे ते सगळे आले पाहिजे.

मंडळात मेहुणा सोबत आला होता. मी त्याला बाहेर बाकावर बसवले. आतल्या अधिकारी बाई वयाने तरुण, बोलायला नम्र. त्यांनी माझे नाव ऐकून उठून खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, त्या नोकरीला लागल्या तेव्हापासून माझे अनुवाद बघतात आणि चूक म्हणून सापडली नाही. मी मनात म्हणालो, अर्धे घोडे गंगेत न्हाले.

"अडचण काही मोठी नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "नमुना सही केलीत त्याला बरीच वर्षं झाली. माणसाची सही बदलते. आपण नवा नमुना घेऊ. या चौकटींत तीन सह्या करा. तिन्ही एकसारख्या आल्या की मी आजच फाइल पुढे पाठवते."

इतके सोपे होते. तीन सह्या. जन्मभर मी दुसरे केले काय?

पहिली बरी सुरू झाली. मग तिने रेघ सोडली आणि खाली उतरायला लागली. दुसरीच्या वेळी मी डाव्या हाताने उजवा हात टेबलावर दाबून धरला, तर अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढली. तिसरी मी अर्ध्यात सोडली. हात थांबवून सुद्धा हलत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि त्या बघत होत्या. पेन वाईट नव्हते. टेबल भक्कम होते, सरकारी, लोखंडी.

हे मला केव्हापासून माहीत होते? मला वाटते बरेच दिवस. मी ते पेनावर, टेबलावर, संगणकावर, शाईवर, सगळ्यांवर ढकलले. स्वतःच्या पायाने इथे चालत आलो आणि हात दाखवून अवलक्षण केले.

त्यांनी पाणी मागवले. ग्लास मी दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. तेवढ्यासाठी मी त्यांना कायम चांगले म्हणेन.

मग मी एक गोष्ट केली जी करीन असे कधी वाटले नव्हते. विनवणी केली. "माझी बायको सही करेल," मी म्हणालो. "मी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचीन. डोकं माझं शाबूत आहे, तुम्ही टीप वाचलीच असेल. सहीवर आपण लिहू, हुकुमावरून. तुम्ही तिकडच्या सचिवाचं मान्य केलंत ना?"

"तिकडे ते चालतं, साहेब, म्हणून आम्ही मानलं," त्या म्हणाल्या. "इथे शपथ तुम्ही घेतलीय. ती दुसऱ्याच्या हाताने कशी पाळणार?"

बरोबर आहे. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि एवढ्या नम्रपणे नाही. मागे जाऊन दहा तारखेचे पान बघितले. ज्याला सही करता येत नाही त्याने खुर्ची सोडावी. माझ्याच अक्षरात आहे.

डॉक्टरिणीच्या कागदांचे काय, मी विचारले. दुसऱ्या अनुवादकाकडून करून घ्यावे लागतील. सर्वांत जवळचा दुसऱ्या शहरात आहे, त्याच्याकडे उन्हाळ्यापर्यंत रांग आहे. शुक्रवारची मुदत वाढवणे इस्पितळाच्या हातात, मंडळाच्या नाही.

शिक्का मी खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी पावती दिली. मग समोरच्या कागदावर, तीन चौकटींच्या शेजारी, शेरा लिहिला. उलट्या बाजूने वाचायची मला सवय आहे. त्यांनी लिहिले होते, "सही वाचता येत नाही."

बाहेर मेहुणा बाकावरून उठला, त्याने माझ्या तोंडाकडे बघितले आणि एकही विनोद केला नाही. रस्ता ओलांडताना त्याने माझा दंड धरला. मी तो धरू दिला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्पितळाने मुदत वाढवली नाही. मुलांच्या विभागात पाळ्या रिकाम्या ठेवता येत नाहीत, त्यांचेही खरे आहे. जागा दुसऱ्याला गेली.

डॉक्टरीण संध्याकाळी दुकानात आली. मी तोंड कुठे लपवू असे झाले होते. तिला सांगितले की त्या टिपेवर मी जो आठवडा घालवला, तो घालवला नसता तर लिफाफा आधी परत आला असता, दुसऱ्या अनुवादकाच्या हातापाया पडायला वेळ मिळाला असता. पानभर टिपेची गरजच नव्हती, दोन ओळी पुरल्या असत्या. ती मी माझ्यासाठी लिहीत होतो.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मास्तर," ती म्हणाली. "टोपण निघत नव्हतं तेव्हा नक्की झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"इथे मी चादरींच्या घड्या घालते." जरा थांबून म्हणाली, "आणि मला तुमची सही हवी होती. म्हटलं, तेवढी होईल. तेवढा टिकेल हात."

मला राग यायला हवा होता का? नाही आला. दोघांनीही एकाच हाताच्या भरवशावर बसायला नको होते, इतकेच.

तिने आजाराचे नाव सांगितले. हिला तिने ते कांद्याच्या दिवशीच सांगितले होते. औषधे आहेत, ती म्हणाली, पण तिला ती लिहून देता येत नाहीत. तिच्या सहीला इथे किंमत नाही. माझ्याही.

मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. लिहिताना फार वेळ लागतो आहे, एवढे लिहायला दोनदा थांबलो. अक्षर

९ मार्च, रविवार

हे अक्षर माझं आहे. ते सांगतात, मी लिहिते. ते म्हणतात, हे आधी लिही, नियम आहे, हात बदलला तर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डॉक्टरीण जे म्हणाली होती तेच ते म्हणाले, फक्त त्यांना ते म्हणायचे पैसे मिळतात. गोळ्यांनी चालणं सुधारेल. सही परत येईल का, असं यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला या वयात सही कशाला लागते? जिना उतरताना हे मला म्हणाले, त्या माणसाचं अक्षर बघितलंस? कोंबडीने पाय ओढल्यासारखं, आणि सगळं शहर त्यावर औषध घेतं.

दुकानातलं टेबल अजून तिथेच आहे. माझा भाऊ त्याच्यावर कुणाला काही ठेवू देत नाही. पायाखालचा पुठ्ठाही काढलेला नाही. आज दोघं भांडले, कारण तो म्हणाला भाऊजी नुसते येऊन बसा, आणि हे म्हणाले मी काय शोभेची बाहुली आहे? मग गेले आणि बसले.

डॉक्टरिणीने धुलाईघरात कायमची पाळी घेतली. रविवारी दुपारी येते आणि यांच्या बोटांचा व्यायाम करून घेते. एक बोट, दुसरं बोट, मूठ, पंजा. आज मुलीचा नवा फोटो दाखवला. पुढचे दोन दात यायला लागलेत, अर्धे बाहेर आले आहेत. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघेन तेव्हा पूर्ण आलेले असतील. हे त्यावर म्हणाले, काम झालं समजा, असं मी तुम्हाला बोललो होतो. ती म्हणाली, मास्तर, मूठ उघडा.

इथे ते थांबले. मी विचारलं, आता काय लिहू? म्हणाले, बस. मी विचारलं, डोळ्यांत पाणी आहे तेही लिहू का? म्हणाले, कागदावर पडलं तर लिही.

पडलेलं नाही.

त्यांनी शेजारी बसून सगळं पान वाचलं. दोन ठिकाणी माझी शुद्धलेखनाची चूक काढली. मग मान हलवली.

हुकुमावरून,
ही